वेग बघायला निघताना

रविवारी सकाळी खालापूरच्या टोलनाक्यावरून बुटक्या, दोन दारांच्या, गुरगुरणाऱ्या मोटारी लोणावळ्याकडे जाताना दिसतात. स्पोर्ट्स कार म्हणतात त्या ह्याच. कर्जत-खालापूरच्या तरुणांना त्यांचं भारी वेड. कुणाच्या मोबाइलवर फेरारीचं चित्र, कुणाच्या भिंतीवर लॅम्बोर्गिनीचं. ह्या वेडाला नावं ठेवायला मी आज बोलत नाही. ते नीट पुरवावं कसं, म्हणजे घरची मोटार घेऊन मोटारींची संग्रहालयं बघत फिरण्याचा बेत कसा आखावा, ते सांगायचं आहे.

आधी स्पोर्ट्स कार म्हणजे काय, ते पाहू. माणसं आणि सामान वाहून नेणं हा मोटारीचा धर्म. स्पोर्ट्स कारनं तो जवळजवळ सोडला. माणसं दोनच, वजन कमी, बैठक जमिनीलगत. गाडीचा भार खाली असल्यामुळे वळणावर ती कलत नाही, रस्ता धरून राहते. तिचं खरं कसब नुसत्या वेगात नाही, वळणात आहे. उदयपूरच्या संग्रहालयात एमजी टीसी नावाची इंग्रजी गाडी आहे. १९४५ साली आलेलं हे मॉडेल. शक्ती अवघी ५४ अश्वशक्ती, वेग फार तर ताशी १२५ किलोमीटर. आज आपल्या गल्लीतल्या स्विफ्टमध्येही त्याहून जास्त जोर असतो. तरी त्या काळी लोक तिच्यावर फिदा होते.

आता आपलं भाग्य बघा. दिल्लीहून चेन्नईला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ आपल्या खालापूर तालुक्यातून जातो. कर्जतहून चौक फाट्याला आलं की तो लागतो. मोटारींची देशातली काही नामांकित संग्रहालयं ह्याच रस्त्यावर किंवा त्याच्या थोडी आतबाहेर आहेत. फाट्यावर उभं राहून उजवीकडे वळायचं की डावीकडे, एवढंच ठरवायचं.

उत्तरेकडे वळलात तर सुरत, बडोदा करत साधारण साडेपाचशे किलोमीटरवर अहमदाबाद. तिथं कठवाडा इथं प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह आहे, शंभराहून अधिक गाड्यांचा. रोल्स-रॉईस तर आहेतच, पण बेंटले आणि लागोंडा मुद्दाम बघा. फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत ह्या दोन्ही नावांनी जिंकलेली आहे. बेंटलेनं १९२४ साली पहिल्यांदा, लागोंडानं १९३५ साली. पुढे अडीचशे किलोमीटरवर उदयपूर. मेवाडच्या राजघराण्याच्या गाड्यांचं संग्रहालय तिथं २००० साली सुरू झालं. १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’ चित्रपटात वापरलेली रोल्स-रॉईस तिथंच आहे. ज्यांच्या गाठीशी आणखी दिवस असतील त्यांनी हरियाणात तावडूपर्यंत जावं. तिथलं वाहतुकीचं संग्रहालय २०१३ सालचं.

दक्षिणेकडे वळलात तर पहिला मुक्काम कोल्हापूर, साधारण तीनशे किलोमीटर. जवळच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार बनवली होती. तिचे नमुने रस्त्यावर धावले, पण कारखाना काही उभा राहिला नाही. मराठी माणसाचं हे स्वप्न मुलांना सांगत पुढे जावं. बेळगाव, हुबळी, बंगळूर करत श्रीरंगपट्टणला पोचलात की ‘पयण’ हे संग्रहालय लागतं. धर्मस्थळाच्या वीरेंद्र हेगडे यांचा हा संग्रह २०२३ साली लोकांना खुला झाला. तिथून म्हैसूरमार्गे कोइमतूर. जी. डी. नायडू यांनी १९२० साली एकाच बसवर धंदा सुरू केला आणि पुढे यंत्रविद्येत नाव काढलं. त्यांच्या नावाच्या संस्थेनं २०१५ साली तिथं मोटारींचं संग्रहालय उघडलं.

आपली पुष्कळ मराठी मुलं नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्टला असतात. हे शहर १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे. मर्सिडीजचं नवं संग्रहालय तिथं २००६ साली झालं, पोर्शेचं २००९ साली. लेकाकडे वा लेकीकडे गेलात तर दोन्ही बघता येतील, आणि त्यासाठी मोटारही लागणार नाही. लोकल गाडीनं जाता येतं.

आता आखणी. पहिली गोष्ट म्हणजे वार. अनेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. कोइमतूरचं आणि स्टुटगार्टची दोन्ही त्यातलीच. तेव्हा सोमवार प्रवासाला ठेवावा आणि निघण्याआधी फोन करून खात्री करावी. दुसरी गोष्ट अंतर. दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटर पुरेत. त्या हिशेबानं उत्तरेची फेरी उदयपूरपर्यंत करायला आठवडा, दक्षिणेची करायला दहा-अकरा दिवस धरा. तिसरी गोष्ट अंधार. उजाडताना निघावं, दिवेलागणीच्या आत मुक्कामी पोचावं. म्हैसूरकडून कोइमतूरला जाताना जंगल लागतं. बंदीपूरमधून जाणारा रस्ता तर रात्री नऊ ते सकाळी सहा बंदच असतो. आणि एक दिवस एकच संग्रहालय. दोन बघायला गेलं की दुसऱ्याकडे जाताना पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो.

ह्या पायाबद्दलच मला जास्त बोलायचं आहे. दिवसभर शर्यतीच्या गाड्या बघितल्या की बाहेर आल्यावर आपली साधी गाडीही तशीच हाकावीशी वाटते. परतीच्या शेवटच्या दिवशी हा मोह फार वाईट. दक्षिणेहून येताना घर तासाभरावर आलेलं असतं, अंग थकलेलं असतं आणि समोर बोरघाटाचा उतार असतो. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो, आणि तापला की पकड सोडतो. पाय दाबलेला राहतो, गाडी थांबत नाही. म्हणून उताराला लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. ब्रेक मधून मधून, गरजेपुरता लावावा. आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवण्याची हुशारी घाटात करू नये.

द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण झाला. लांबी ९४.५ किलोमीटर, सपाटीवर मोटारींना वेगमर्यादा ताशी शंभर, घाटात त्याहून बरीच कमी. काम पुरतं होण्याआधीच, १२ फेब्रुवारी २००१ रोजी, भाताण बोगद्याजवळच्या अपघातात भक्ती बर्वे गेल्या. ‘ती फुलराणी’ रंगवणारा तो आवाज आकाशवाणीच्या श्रोत्यांना परका नव्हता. त्यानंतरही ह्या रस्त्यानं किती घरांचे दिवे विझवले, ते आपल्या पंचक्रोशीतल्या रुग्णवाहिकावाल्यांना विचारा.

म्हणून ह्या बेतात मी एक मुक्काम आणखी जोडतो. निघायच्या आधीचा रविवार माथेरानला घालवा. कर्जत तालुक्यातलंच हे गाव. दस्तुरीच्या नाक्यावर मोटार सोडावी लागते, पुढे खासगी वाहनाला मज्जाव. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं पदरचा पैसा घालून ती बांधली. घोड्याच्या किंवा पायांच्या वेगानं लाल मातीतून दिवसभर हिंडा. डोळ्यांना सावकाश बघायची सवय लागली की मग चौक फाट्याला या आणि हवं तिकडे वळा. संग्रहालयातल्या त्या वेगवान गाड्या आपल्याला डोळे भरून बघता येतात, त्या जागच्या जागी उभ्या असतात म्हणून. त्यांच्यापर्यंत आपण धडधाकट पोचावं आणि तसंच घरी परतावं, एवढीच दुआ करतो आणि थांबतो.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)