उपचारही ठरल्या वारी यावा

कन्हानकाठचे खापा हे हातमागाच्या विणकामासाठी पूर्वापार परिचित असलेले गाव. पक्षाघाताने हात लुळा पडलेल्या विणकराला औषधाइतकीच गरज नियमित व्यायामोपचाराची असते. परंतु ज्याला चालवत नाही त्यानेच वारंवार नागपूर गाठावे, ही अपेक्षा क्रूर नव्हे काय?

२०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयासाठी फिजिओथेरपिस्ट आणि ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर घरभेटी देणारा पुनर्वसन कार्यकर्ता यांची तरतूद आहे. तत्त्व मान्य झाले. प्रश्न माणसाचा आहे.

प्रत्येक लहान गावात पूर्णवेळ तज्ज्ञाला पुरेसे काम मिळणार नाही, हे खरे. म्हणूनच खापा, सावनेर, पारशिवनी मिळून एक तज्ज्ञ नेमावा, गावोगावचे वार ठरवावेत आणि मधल्या दिवसांत घरच्यांनी त्याने शिकविलेले व्यायाम करवून घ्यावेत. मात्र केवळ भेटीमागे दाम मोजल्यास दूरचे घर आपोआप वगळले जाईल; प्रवासाचा वेळ व खर्च हाही सेवेचाच भाग मानला पाहिजे.

आठवड्याचा बाजार ठरल्या वारी भरतो, म्हणून लोक त्यावर विसंबतात. उपचारावरही त्यांना तसेच विसंबता आले पाहिजे.