अधिस्वीकृती

प्रमाणन, परीक्षण किंवा तपासणी करणारी संस्था ते विशिष्ट काम करण्यास सक्षम व निःपक्षपाती आहे, अशी अधिकृत त्रयस्थ संस्थेने पडताळणीअंती दिलेली मान्यता. वस्तू, व्यवस्थापन-पद्धती वा व्यक्ती विहित मानकास उतरते, असे प्रमाणन संस्था सांगते. तसे सांगण्याची तिची पात्रता अधिस्वीकृतीने ठरते. प्रमाणनाचे शुल्क बहुधा ज्याची तपासणी व्हावयाची तो उत्पादकच भरतो. म्हणून तपासणाऱ्याचीही तपासणी आवश्यक असते.

दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्रीच्या परीक्षणासाठी विश्वसनीय प्रयोगशाळांची उणीव ऑस्ट्रेलियात जाणवली. त्यातून १९४७ मध्ये तेथे प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संघटना निघाली. भारतात १९९७ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषद स्थापन झाली. प्रमाणन संस्था व प्रयोगशाळा यांच्या अधिस्वीकृतीसाठी परिषदेची स्वतंत्र मंडळे आहेत.

अर्जदार संस्थेस कामाची व्याप्ती निश्चित करून द्यावी लागते. कार्यपद्धती, कर्मचाऱ्यांची अर्हता, तक्रारींच्या नोंदी व हितसंबंध यांची छाननी होते. ज्या उद्योगास सल्ला दिला त्यालाच प्रमाणपत्र देणे निषिद्ध असते. केवळ कागदपत्रांवर न विसंबता मूल्यमापक प्रमाणन संस्थेच्या निरीक्षकांबरोबर प्रत्यक्ष कारखान्यात जातात आणि त्यांचे काम पाहतात. प्रयोगशाळांच्या बाबतीत एकच नमुना अनेक प्रयोगशाळांकडे पाठवितात. प्रयोगशाळेचे उत्तर व संदर्भमूल्य यांतील फरकास निर्धारित प्रमाण विचलनाने भागून येणारी संख्या (चिन्ह वगळून) २ पर्यंत असल्यास कामगिरी समाधानकारक, तर ३ वा अधिक असल्यास असमाधानकारक मानतात. मूल्यमापन करणाऱ्या व्यक्ती अंतिम निर्णय घेत नाहीत. मान्यतेनंतरही देखरेख चालू राहते. दोष न सुधारल्यास व्याप्ती कमी करणे, मान्यता निलंबित वा रद्द करणे हे उपाय योजिले जातात.

अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०११ हे आंतरराष्ट्रीय मानक असून त्याची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये निघाली. अशा संस्थांचे मूल्यमापन अन्य देशांतील समकक्ष संस्थांचे तज्ञ करतात. या परस्परमान्यतेमुळे एका देशातील परीक्षण-अहवाल दुसऱ्या देशात स्वीकारला जाणे सुकर होते व निर्यात मालाची पुनःपरीक्षा टळू शकते.

अधिस्वीकृती प्रत्येक नगाची हमी देत नाही. तिची पडताळणी नमुन्यांवर आधारलेली असते. ती नमूद व्याप्तीपुरतीच वैध असते. पिण्याच्या पाण्यातील क्लोराइडाच्या परीक्षणासाठी मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा शिशाविषयीचा अहवाल केवळ त्या मान्यतेमुळे विश्वसनीय ठरत नाही. म्हणून प्रमाणपत्रावरील चिन्हाबरोबर मान्यतेची व्याप्ती व मुदतही पाहणे आवश्यक असते.