निरोप पोचला, पुढे काय?

सभासद बंधू-भगिनींनो,

गेल्या हंगामात एका सभासदांनी गटऑफिसात येऊन आम्हाला चांगलेच धारेवर धरले. कारखान्याकडून त्यांच्या मोबाईलवर तोडीचा संदेश आला होता. तारीख होती, गट नंबर होता. टोळी मात्र दोन दिवस उलटले तरी फडात उतरली नव्हती. संदेश आला त्या नंबरावर त्यांनी फोन लावून पाहिला, तो लागेना. "साहेब, तुमचं मशीन बोलतंय झकास, पण ऐकतंय कोण?" असे ते म्हणाले. आम्ही तेव्हा सारवासारव केली. पण तोच प्रश्न पुढे त्याच हंगामात, उसापेक्षा फार मोठ्या गोष्टीच्या निमित्ताने आमच्यासमोर आला. त्याविषयी आज लिहीत आहोत.

कोपीतली रात्र

जानेवारीतली गोष्ट. बीडकडची एक टोळी आमच्या गटात उतरली होती. त्यातल्या एका बाईला आठवा महिना होता. रात्री तिचे डोके भयंकर दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. मुकादमाने आमच्या चिटबॉयला फोन केला, त्याने १०८ ला केला. कोप्यांपासून डांबरी रस्त्यापर्यंत तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाचट पसरून न्यावे लागले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, आधीचे रक्तदाब किती, रक्त किती, तारीख कुठली? नवरा गप्प. कार्ड गावी ट्रंकेत राहिले होते. रक्तदाब फार चढला होता. तिला तातडीने जिल्ह्याला हलवले. बाळ-बाळंतीण दोघे वाचले, हे भाग्य.

दुसऱ्या दिवशी आपल्या गावच्या आशाताई भेटल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, माझं घर त्या कोप्यांपासून हाकेच्या अंतरावर आहे. मला कुणी सांगितलंच नाही."

आम्ही टोळीचे रजिस्टर उघडून पाहिले. कोयते किती, गाड्या किती, उचल किती, मुकादमाचा मोबाईल नंबर काय, सगळे व्यवस्थित लिहिलेले. चिटबॉय तर दिवसाआड त्या कोप्यांवर जात होता. पण कोपीत गरोदर बाई आहे का, तान्हे मूल आहे का, हा रकानाच आमच्या रजिस्टरात नव्हता. ही चूक दुसऱ्या कुणाची नाही, आमची आहे.

फोन होता, पण कार्ड बंद

सरकारची 'किलकारी' नावाची योजना आहे. २०१६ साली ती सुरू झाली आणि २०२४ पासून महाराष्ट्रातही आली. गरोदर बाईच्या नोंदवलेल्या नंबरावर चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक फोन येतो. असे एकूण ७२ निरोप. काय खावे, गोळ्या कशा घ्याव्यात, कुठली लक्षणे दिसली की तडक दवाखाना गाठावा, हे त्यात सांगतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही ते कळते. योजना चांगलीच आहे.

या बाईची नोंद तिच्या गावी झालेली होती. पण नंबर दिला होता नवऱ्याचा, आणि तो म्हणाला, "ते कार्ड बंद पडलं साहेब, रिचार्ज मारला नाय." म्हणजे गावाकडच्या आशाताईला ही बाई कुठे आहे ते माहीत नाही, इथल्या आशाताईला ती आली आहे हे माहीत नाही, आणि निरोप बंद कार्डावर. दोन गावांच्या मधे बाई पडली.

केनियातला 'मांबो'

कारखान्याच्या आरोग्य शिबिराला येणाऱ्या डॉक्टरांपाशी आम्ही हा विषय काढला. त्यांनी आफ्रिकेतल्या केनिया देशातल्या एका प्रयोगाची माहिती दिली. ती सभासदांनी लक्ष देऊन वाचावी अशी आहे.

तिथे एचआयव्हीच्या रुग्णांचा प्रश्न होता. औषधे मिळत होती, पण ती रोजच्या रोज, आयुष्यभर घ्यायची. मधे खंड पडला की आजार पुन्हा उचल खातो. २००७ आणि २००८ साली तीन दवाखान्यांतले ५३८ रुग्ण या प्रयोगात घेतले. त्यांतल्या २७३ जणांना दर आठवड्याला मोबाईलवर एक शब्द पाठवायचा : 'मांबो?' स्वाहिली भाषेत याचा अर्थ, कसं काय? बस्स. औषध घेतले का, आजार कसा आहे, यातले काही नाही. घरातल्या दुसऱ्या कुणी फोन उचलला तरी त्याला काही कळू नये, हाही त्यात फायदा.

रुग्णाने ४८ तासांत उत्तर द्यायचे. 'सावा' म्हणजे ठीक आहे, 'शिदा' म्हणजे अडचण आहे. ज्याने अडचण कळवली त्याला दवाखान्यातून फोन जाई. आणि ज्याचे उत्तरच आले नाही, त्यालाही फोन जाई.

वर्षाअखेर हिशेब मांडला. संदेश मिळणाऱ्यांत ६२ टक्के लोकांनी औषधे नियमाने घेतल्याचे सांगितले. ज्यांना संदेश नव्हते त्या २६५ जणांत हे प्रमाण ५० टक्के. रक्त तपासले तेव्हा विषाणू आटोक्यात आलेले लोक एका बाजूला ५७ टक्के, दुसऱ्या बाजूला ४८ टक्के. साध्या बटणाच्या फोनवर हे काम झाले. 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय मासिकात (ते निघते मात्र दर आठवड्याला) २०१० साली हा अहवाल छापून आला.

कॅमेरून या आफ्रिकेतल्याच दुसऱ्या देशात २०० रुग्णांवर असाच एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१२ चा. तिथेही दर आठवड्याला संदेश जाई. त्यात धीराचे शब्द असत, मदत हवी तर फोन करा म्हणून नंबरही असे. पण उत्तर मागितलेले नव्हते, आणि उत्तर आले नाही म्हणून चौकशी करणारा कुणी नव्हता. सहा महिन्यांनी पाहिले तर दोन्ही बाजूंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

दोनच प्रयोगांवरून सगळा निकाल लावू नये. केनियातच आणखी एका प्रयोगात आठवड्यातून एकदा नुसती आठवण करून देण्याचाही फायदा दिसला होता. मात्र रोज आठवण दिलेल्यांत तो दिसला नाही. उसाला पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, रोज पाणी सोडून ऊस वाढत नाही, तसेच हे म्हणायचे.

आम्हाला यातून पटले ते एवढे. यंत्र निरोप हजारो लोकांना एका क्षणात पोचवते, ते माणसाच्याने होणार नाही. पण उत्तर आले नाही याची काळजी यंत्राला नसते. तिथे माणूसच लागतो. माती परीक्षणाचा अहवाल घरात दिवळीत पडून राहिला तर उतारा वाढतो का? कुणीतरी तो घेऊन बांधावर यावे लागते.

येत्या हंगामात काय करायचे

हे सगळे वाचून नुसते वा वा करण्यात अर्थ नाही. शेतकी विभागाने आपल्यापुरते असे ठरवले आहे.

एक. टोळी उतरली की आठवड्याच्या आत कोप्या कुठे पडल्या आणि माणसे किती, हे चिटबॉयने गावच्या आशाताईंना कळवायचे. गरोदर बाई किंवा लहान मूल आहे का, हे विचारणे मात्र चिटबॉयचे काम नव्हे. ते आशाताई विचारतील, आणि बाईची तयारी असेल तरच नाव व चालू नंबर लिहून घेतील. ही वही आशाताईंकडेच राहील. गटऑफिसात किंवा मुकादमाकडे जाणार नाही.

दोन. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी आशाताई प्रत्येकीला फोन करतील, "कसं काय, ताई?" दोन दिवसांत फोन लागला नाही तर त्या स्वतः कोपीवर जातील. त्यांच्या फोनचे रिचार्ज आणि जाण्या-येण्याचा खर्च शेतकी विभाग सोसेल.

तीन. पट्टा पडण्याआधी, टोळी माघारी निघताना, तिकडच्या आशाताईंना इकडून फोन जाईल. कार्डाची एक प्रत बाईच्या हातात राहील.

सभासदांनीही दोन गोष्टी कराव्यात. कोप्यांवर लाईट नसते, फोन दुपारीच बंद पडतात. आपल्या घरी किंवा वस्तीवर टोळीतल्या लोकांना फोन चार्ज करू द्या. विजेला फारसा खर्च येत नाही. दुसरे, कोपीत कुणी आजारी दिसले, बाई अवघडलेली दिसली, तर तोड थांबेल या भीतीने गप्प बसू नका. एका खेपेचा ऊस दोन दिवस उशिरा गेला तर उतारा थोडा कमी येईल. त्या रात्री थोडाच उशीर झाला असता तर काय झाले असते, हे आम्ही विसरू शकत नाही.

आणि त्या धारेवर धरणाऱ्या सभासदांना उत्तर देणेही बाकी आहे. यापुढे तोडीच्या संदेशाखाली गटऑफिसचा नंबर असेल आणि सकाळी आठ ते दहा तो फोन उचलायला एक लेखनिक बसेल. ज्यांची टोळी ठरल्या दिवशी उतरली नाही, त्यांना आम्हीच फोन करू. आधी आम्हाला ऐकायला शिकले पाहिजे, हे तुम्ही सुनावले ते बरे झाले.

कळावे.

ऊसविकास अधिकारी,
शेतकी विभाग