परसातील वनौषधी : लेखांक सहावा
काळी माती, थोडे पाणी आणि ओळखीची झाडे

मागील लेखांकात घरी लावण्याजोग्या वनस्पतींची निवड कोणत्या दृष्टीने करावी याचा विचार आपण केला. ही निवड अंतिमतः ज्या मातीवर आणि ज्या पाण्यावर अवलंबून राहते, त्यांच्याकडे आता वळणे प्राप्त आहे. परसबागेविषयी मराठीत जे लेखन होते, त्यातील पुष्कळसे सह्याद्रीलगतचा भरपूर पाऊस आणि तांबडी, भुसभुशीत माती गृहीत धरून चालते. त्यामुळे नांदेडच्या वजिराबादेत अथवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या गृहस्थाने त्यातील कृती अक्षरशः अनुसरली, तर माघापर्यंत त्याचे सारे यथास्थित चालते आणि वैशाखात मात्र कुंड्यांतून वाळक्या काड्यांखेरीज काही शिल्लक राहत नाही. यात त्या गृहस्थाचा दोष काही नाही. गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यातील भूमीचा स्वभाव निराळा आहे, आणि तो आधी समजून घेतला पाहिजे, एवढेच.

आपल्या मुलखातील काळी माती कापसाला, तुरीला आणि रब्बीच्या ज्वारीला जी माउलीसारखी सांभाळते, ती ओल दीर्घकाळ धरून ठेवण्याच्या तिच्या गुणामुळे. परंतु शेतात जो गुण, तोच कुंडीत अवगुण ठरतो. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. पावसाळ्यात तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही म्हणून मुळे गुदमरून कुजतात, आणि उन्हाळ्यात मातीचा गोळा कुंडीच्या कडेपासून सुटा होऊन मध्ये फट पडते, म्हणून वरून घातलेले पाणी मुळांना स्पर्शही न करता त्या फटीतून तळाच्या भोकाने वाहून जाते. आपण नेमाने पाणी घालतो आणि झाड तहानेने मरते, याचे रहस्य बहुधा हेच असते. यावर उपाय सोपा आहे : काळी माती एक भाग, पुरते कुजलेले शेणखत एक भाग आणि जाड वाळू एक भाग, असे मिश्रण करावे; वाळू बांधकामावर उरलेली असली तरी चालते, मात्र ती चाळून धुऊन घ्यावी.

या मातीत चुनखडीचा अंशही पुष्कळ ठिकाणी असतो, आणि त्याचा पहिला त्रास होतो तो कढीपत्त्याला. नवी पाने पिवळी पडतात, परंतु त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात; हे चिन्ह दिसले की झाडाला लोह मिळत नाही असे समजावे. लोह मातीत नसते असे नव्हे, चुन्याच्या सान्निध्यात ते मुळांना घेता येत नाही. अशा वेळी हिराकस लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम विरघळवून सायंकाळी पानांवर फवारावी, आणि फवारलेली पाने काही दिवस स्वयंपाकात घेऊ नयेत. कढीपत्त्याचे बी साठवून ठेवण्यासारखे नाही, हेही येथेच सांगून टाकतो : झाडावर काळी पडलेली पिकली फळे काढून, गर धुऊन, लागलीच पेरली तरच ती उगवतात. त्याहून सोपा मार्ग म्हणजे शेजाऱ्यांच्या जुन्या झाडाच्या मुळातून फुटलेले पिलू पावसाळ्यात मुळासकट काढून आणणे.

आता पाण्याविषयी. लातूरच्या माणसाला पाण्याचे मोल सांगण्याचे धाडस कोणी करू नये. २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम जारी करावा लागला आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी शहरात आणावी लागली, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना कुंडीतल्या झाडासाठी नळाचे पाणी सोडणे मनातून रुचत नाही, आणि ते योग्यच आहे. (ज्या बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली लातूरच्या पेठेपर्यंत पोहोचली आणि पुढे येथला माल वाहू लागली, तिच्याच रुंद केलेल्या लोहमार्गाने शंभर वर्षांनंतर या शहराला पाणी आले, ही गोष्ट मनात घर करून राहते.) म्हणून परसातील औषधींसाठी पहिला नियम मी असा घालतो की, त्यांना घरात एकदा वापरलेले पाणीच द्यावे. डाळ-तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी निःशंकपणे घालावे. साबणाचे पाणी मात्र ज्याची पाने आपण खातो अशा झाडाला कधीही घालू नये. बोअरच्या पाण्यात क्षार असतात व कुंडीच्या कडेला पांढरा थर साचतो. तो दिसू लागला की पहिल्या मोठ्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवून त्या पाण्याने मातीतील क्षार वाहून जाऊ द्यावेत.

दुसरा उपाय मडक्याचा. कुंभाराकडील साधे, न रंगवलेले, चार-पाच लिटरचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, पाण्याने भरावे, तोंडावर झाकणी ठेवावी आणि त्याच्या भोवती रोपे लावावीत. माती कोरडी पडली की मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ती पाणी ओढून घेते आणि ओली असली की ओढीनाशी होते. म्हणजे किती पाणी द्यावे याचा हिशेब मातीच ठेवते. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फान शेंगची याने लिहिलेल्या कृषिग्रंथात ही रीत वर्णन केलेली आहे, आणि दोन हजार वर्षांनंतरही कोरडवाहू प्रदेशात तिच्याहून स्वस्त अशी दुसरी योजना माझ्या पाहण्यात नाही. क्षारांनी छिद्रे बुजतात, म्हणून वर्षातून एकदा मडके उकरून काथ्याने घासून घेतले पाहिजे.

एवढी सिद्धता झाल्यावर प्रथम लावावी ती कोथिंबीर, आणि हिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिल्यावाचून माझ्याने राहवत नाही. लातूर जिल्ह्यातील कास्ती कोथिंबिरीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच सुमारास याच जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांनाही ते लाभले. तूर, चिंच आणि कोथिंबीर ही तीन नावे एकत्र वाचताच मराठवाड्यातील कोणत्याही गृहिणीच्या डोळ्यांपुढे आमटीचे पातेले उभे राहील. कास्तीची ख्याती तिच्या उग्र सुगंधासाठी आहे. असे मानांकन एका विशिष्ट प्रदेशाच्या उत्पादनाला मिळते. तेच बी अन्यत्र पेरून कोणाला ते नाव लावता येत नाही. म्हणून ज्यांचे आप्तस्वकीय त्या बाजूला आहेत, त्यांनी बाजारातील पुडीच्या मागे न लागता गावाकडून मूठभर धने मागवावेत आणि दरसाल चार उत्तम रोपे बियांसाठी राखून ते बीज घरात चालू ठेवावे.

धन्याचा प्रत्येक दाणा दोन अर्धांचा बनलेला असून प्रत्येक अर्धात एक बीज असते. म्हणून पेरण्यापूर्वी दाणे पाट्यावर हलक्या हाताने रगडून फोडावेत, फार जोर लावून त्यांचे पीठ करू नये. रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी निथळून, वाफ्यात बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोलीवर ओळीने पेरावेत आणि वर सोयाबीनचे भुसकट पसरावे. आठ ते बारा दिवसांत कोंब दिसतात, तेव्हा भुसकट अलगद बाजूला सारावे. धन्याला उष्णता मानवत नाही. पारा तिशीच्या फार वर गेला की उगवण विरळ होते, आणि उगवलेली रोपे पाने धरण्याऐवजी घाईने फुलोऱ्यावर जातात. म्हणून हस्ताचा पाऊस ओसरल्यावर रब्बीच्या पेरण्यांबरोबर पहिला वाफा करावा, आणि तेथून माघापर्यंत दर पंधरवड्याला एक हात रुंदीचा नवा तुकडा पेरीत जावे, म्हणजे एकाच वेळी ढीगभर आणि नंतर काहीच नाही, अशी अवस्था होत नाही. उन्हाळ्यात हौस असेल तर शेवग्याच्या सावलीत, पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांची ताटी उभी करून आणि वर पऱ्हाट्यांचा विरळ मांडव घालून एखादा वाफा जगवता येतो. परंतु त्यासाठी जे पाणी जाते, त्याचा विचार करता मी स्वतः चैत्र-वैशाखात कोथिंबिरीवाचून राहणे पसंत करतो.

कापणी सुमारे चाळीस दिवसांनी, जमिनीपासून दोन बोटे देठ ठेवून करावी, म्हणजे दुसरे पीक येते. पानांतील सुगंध ज्या द्रव्यांचा असतो ती उष्णतेने चटकन उडून जातात, म्हणून चिरलेली कोथिंबीर पातेले चुलीवरून उतरवल्यावरच घालावी. धन्यातील सुगंधी तेल मात्र भाजण्याने खुलते, आणि आपल्याकडच्या येसराला जी चव येते तीत या भाजलेल्या धन्यांचा वाटा मोठा असतो. जून देठ टाकू नयेत. ठेच्यात ते पानांहून अधिक रंगत आणतात. फुलोऱ्यावर गेलेल्या रोपांचा शोक करू नये, त्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात आणि शेजारच्या मिरच्या-वांग्यांनाही त्यांच्या येण्याचा लाभ होतो.

गवती चहा आणि पानओवा यांविषयी फारसे सांगण्याचे कारण नाही. पहिल्याचा ठोंब फोडून आणि दुसऱ्याची वीतभर फांदी खोचून मृगाच्या सरीत लावावी. गवती चहाची पाने पात्याने कापावीत, उपटू नयेत. पानओव्याला पाणी जितके कमी तितका वास अधिक. त्याच्या पानांची भजी मुले आवडीने खातात.

औषध म्हणून ज्या वनस्पती लावायच्या, त्यांत मी अडुळशाला अग्रस्थान देतो. त्याला शेळी तोंड लावत नाही, उन्हाळा तो सोसतो, आणि पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी आषाढात कुंपणाला खोचली की दोन वर्षांत दाट वई तयार होते. पानांतून रस सहजी निघत नाही. म्हणून आपल्या पूर्वाचार्यांनी पुटपाकाची युक्ती योजली. पाने वाटून, गोळा करून, तो दुसऱ्या पानांत गुंडाळून वर मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजावा व मग पिळावा. घरी हेच काम पाने वाफवूनही होते. चमचाभर रस मधाबरोबर खोकल्यावर देण्याची वहिवाट जुनी आहे, आणि अडुळशातील वासिसिन या द्रव्यापासूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे आधुनिक औषध सिद्ध झाले. परंतु याच वासिसिनाने गर्भाशयाचे आकुंचन होते, म्हणून गर्भवती स्त्रीला अडुळसा कदापि देऊ नये. आणि एक वर्षाच्या आतील बालकाला मध देऊ नये. खोकला आठ-दहा दिवसांत हटला नाही, किंवा त्याबरोबर ताप अथवा रक्त असेल, तर दवाखाना गाठावा.

गुळवेलीच्या बाबतीत मला अधिक गांभीर्याने बोलावेसे वाटते. निजामी अंमलात नांदेड-लातूरकडे वैद्य आणि हकीम हे दोघेही लोकांना उपलब्ध होते, आणि गुळवेलीच्या कुटलेल्या खोडातून धुऊन काढलेले पांढरे सत्त्व दोघांच्याही दप्तरी मान्य होते. हकिमांच्या पुड्यांवर ते सत-ए-गिलो म्हणून लिहिलेले असे. ही प्रतिष्ठा खरीच आहे. तथापि करोनाच्या साथीत घरोघर गुळवेलीचा काढा जो सुरू झाला, तो प्रमाणाचा आणि ओळखीचा विचार न करता. २०२१ साली मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीकडे, टिनोस्पोरा क्रिस्पाकडे, अंगुलिनिर्देश केला. वाद कोणत्याही बाजूने सुटो, घरातील माणसाने त्यातून घ्यावयाचा बोध उघड आहे : वेल नक्की तीच आहे याची खातरजमा झाल्यावाचून तिचा तुकडाही उकळू नये, आणि ज्याला यकृताचा विकार आहे किंवा ज्याची अन्य औषधे चालू आहेत, त्याने वैद्याच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नये. खऱ्या गुळवेलीची पाने हृदयाकृती व गुळगुळीत असतात, खोडावरची कागदासारखी पातळ साल नखाने सोलली की खाली हिरवा रंग दिसतो, आणि खोड आडवे कापले असता चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. क्रिस्पाच्या खोडावर पुटकुळ्यांसारखे उंचवटे असतात. इतके पाहूनही शंका उरली, तर पानासह एक फांदी नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात नेऊन दाखवावी. द्रव्यगुणाचा विभाग आणि वनौषधींचे उद्यान ही अशा महाविद्यालयाची आवश्यक अंगेच असतात.

हे सारे इतक्या आग्रहाने सांगण्याचे आणखी एक कारण आहे. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथाजवळ जी टेकडी संजीवनी बेट म्हणून प्रसिद्ध आहे, तेथे दुर्मीळ वनौषधी आढळतात आणि उत्तरा नक्षत्रात दूरदूरचे लोक श्रद्धेने जातात. किनवटच्या सागवानी जंगलातही अनेक औषधी आहेत. परंतु ज्या वेली, जी झुडपे घराच्या कुंपणावर सुखाने वाढतात, त्यांच्यासाठी टेकडीवरच्या मुळ्या खणण्याचा परिपाठ जर चालू राहिला, तर जी झाडे तेथेच आणि केवळ तेथेच उगवतात, त्यांनाही त्या झटापटीत धक्का लागल्यावाचून राहणार नाही. अडुळसा, गुळवेल, गवती चहा यांतील काहीही घरी लावता येते. त्यासाठी बेटावर कुदळ नेऊ नये, अशी माझी वाचकांना हात जोडून विनंती आहे.

आषाढ संपण्यापूर्वी काड्या लावण्याचे काम उरकून घ्यावे, आणि लावलेल्या प्रत्येक काडीजवळ तिचे नाव व तिथी लिहिलेली पट्टी खोचावी, कारण दोन महिन्यांनी सारी रोपे सारखीच दिसू लागतात. जमवलेली पाने सावलीत कशी वाळवावीत, किती दिवस ठेवावीत आणि कशात भरावीत, हा विषय पुढील आठवड्यात.