शेवटून पहिलं येण्याचं गणित

13 एप्रिल 2025, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या साखळी सामन्यांचा शेवटचा दिवस. 81 सामने झाल्यावर युटा जॅझ आणि वॉशिंग्टन विझार्ड्स यांच्या खात्यात प्रत्येकी 17 विजय होते. तीस संघांत तळाला हेच दोघे. युटाची गाठ मिनेसोटाशी होती. थेट प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, गाठायची तर मिनेसोटाला जिंकणं भाग होतं आणि अँथनी एडवर्ड्सने 43 गुण ठोकून ते काम फत्ते केलं. वॉशिंग्टनसमोर होता मायामी, ज्याची प्ले-इन या प्लेऑफआधीच्या पात्रता फेरीतली जागा आधीच पक्की झाली होती. वॉशिंग्टनच्या बब कॅरिंग्टन या नवख्या गार्डने अगदी अखेरच्या क्षणी चेंडू बास्केटमध्ये टाकला आणि त्याचा संघ 119-118 असा जिंकला. शेवटचा क्रमांक मात्र युटाला मिळाला!

हा क्रमांक हवासा का वाटावा? कारण दरवर्षी नव्या दमाच्या खेळाडूंची निवड, म्हणजे ड्राफ्ट, साधारण उलट्या क्रमाने होते. प्लेऑफ हुकलेल्या 14 संघांमध्ये लॉटरी निघते. यंत्रात 1 ते 14 क्रमांकांचे पिंगपाँगचे चेंडू फिरतात, त्यातले चार बाहेर येतात. अशा 1001 जुळण्या होऊ शकतात. एक बाद करून उरलेल्या 1000 जुळण्या संघांना वाटलेल्या असतात. पूर्वी तळाच्या संघाला पहिल्या निवडीची 25 टक्के संधी असे. हरण्याचा हा मोह आवरावा म्हणून 2019 पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, 14 टक्के संधी मिळते. तरीही तळाला एक विमा उरलाच. सोडत फक्त पहिल्या चार जागांची होते, बाकीचा क्रम कामगिरीवरून उलटा लागतो. म्हणून शेवटचा संघ पाचव्या निवडीच्या खाली घसरत नाही, त्याच्या वरचा सहावीपर्यंत आणि तिसरा सातवीपर्यंत घसरू शकतो.

साहजिकच मार्च उजाडला की अमेरिकेतले चाहते उरलेल्या सामन्यांचे तक्ते घेऊन बसतात. आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यात आपण जी आकडेमोड करतो तीच, फक्त उलटी. पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाच्या टक्केवारीची सरासरी काढायची. ती जितकी जास्त, तितकं वेळापत्रक अवघड, म्हणजे हरू पाहणाऱ्यांसाठी सोयीचं.

या सरासरीत किती दम आहे? बेसबॉलचे आकडे धुंडाळणाऱ्या बिल जेम्स यांचं एक सूत्र इथे कामी येतं. दोन संघांच्या विजयाच्या प्रमाणांवरून त्यांच्यातल्या लढतीचा अंदाज त्यातून निघतो. 20 टक्के सामने जिंकणारा संघ 70 टक्केवाल्याशी भिडला, तर त्याच्या विजयाची शक्यता जेमतेम 10 टक्के. तोच 25 टक्केवाल्याशी खेळला, तर थेट 43 टक्के. फरक मोठा वाटतो. पण कोणाचेही उरलेले दहाच्या दहा सामने एकाच तऱ्हेच्या संघांशी नसतात. एकाच्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी 45 आणि दुसऱ्याच्या 55, एवढाच फरक धरा. मग पहिल्याला दहा सामन्यांत 2.3 विजय अपेक्षित आणि दुसऱ्याला 1.7. म्हणजे सारा फरक अर्ध्या विजयाच्या आसपास.

आता योगायोग पाहा. प्रत्येक सामना जिंकण्याची 20 टक्के शक्यता असलेला संघ दहा सामन्यांत सरासरी दोन जिंकेल, पण नेमके दोनच जिंकण्याची शक्यता 30 टक्केच. एकही न जिंकण्याची सुमारे 11 टक्के आणि तीन जिंकण्याची 20. वेळापत्रकाने दिलेली अर्ध्या विजयाची आघाडी या चढउतारात सहज वाहून जाते. हे तक्ते गरजेपेक्षा जास्त गांभीर्याने घेतले जातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यातून टक्केवारी ही गेल्या पाच-सहा महिन्यांची असते, सामना मात्र आजचा. एप्रिलमध्ये बलाढ्य संघ निर्धास्त झाला की मुख्य खेळाडूंना बाकावर बसवतो आणि कागदावरचा अवघड सामना सोपा होतो. उलट सातव्या-आठव्या क्रमांकासाठी झुंजणारा मध्यम संघ जिवाच्या आकांताने खेळतो. तळाचे दोन संघ एकमेकांना भिडले तर गंमतच: बास्केटबॉलमध्ये बरोबरी नसते, त्यामुळे नको असलेला विजय कोणाच्या तरी गळ्यात पडतोच. शिवाय 82 पैकी 52 सामने आपल्याच विभागातल्या संघांशी असतात. त्या मोसमात युटाचा पश्चिम विभाग वॉशिंग्टनच्या पूर्वेपेक्षा बराच तगडा होता, त्यामुळे हरण्याची सोय युटाच्या वेळापत्रकातच होती.

खेळाडू मुद्दाम हरत नाहीत, हेही सांगायला हवं. त्यांचा पुढचा करार त्यांच्या खेळावर ठरतो. हरण्याची तजवीज करतं ते व्यवस्थापन, कोणाला बसवायचं हे ठरवून. त्याच मोसमात आपला प्रमुख खेळाडू लॉरी मार्कानेनला न खेळवल्याबद्दल युटाला एक लाख डॉलरचा दंड झाला होता.

इतकं करून पदरात काय पडतं? सोडतीत युटाला पाचवी निवड मिळाली, वॉशिंग्टनला सहावी. दोघेही आपापल्या हद्दीच्या अगदी तळाला. तळाच्या संघाला पाचवी निवड मिळण्याची शक्यता मुळातच 47.9 टक्के असते. 2023 आणि 2024 मध्ये तळाला राहिलेल्या डेट्रॉइटच्या वाट्याला दोन्ही वेळा तीच आली. आणि 2025 ची पहिली निवड, म्हणजे कूपर फ्लॅग, गेली डॅलसकडे. डॅलसची संधी होती 1.8 टक्के.