बाळाला अंगावरचे दूध पुरते का?

घरी बाळ जन्मले, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक वाक्य हमखास कानी पडते : "हिला दूधच येत नाही, बाळ उपाशी राहते." बाळ रात्री दोन-तीनदा रडले, एवढ्या पुराव्यावर हा निकाल दिला जातो आणि पावडरीचा डबा घरात येतो. डब्याच्या दुधाने पोट भरलेले बाळ आईला कमी ओढते आणि ओढणे कमी झाले की दूधही कमी तयार होते. मुळात खोटा असलेला निकाल असा आठवडाभरात खरा ठरतो.

पहिले दोन-तीन दिवस आईला घट्ट, पिवळसर चिकाचे दूध येते. ते थोडेच असते. नवजात बाळाची गरजही तेवढीच असते. भरपूर पान्हा साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी फुटतो. सिझेरियन झाले असल्यास त्याला किंचित उशीर होऊ शकतो.

दूध पोटात जाते की नाही, याची साक्ष लंगोट देतो. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा लघवी झाली तरी पुरे; पाचव्या दिवसानंतर मात्र चोवीस तासांत किमान सहा वेळा, फिकट रंगाची लघवी व्हावयास हवी. शी आरंभी डांबरासारखी काळी, मग हिरवट आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी होते. त्या दिवशीही ती काळीच असेल किंवा लंगोटावर विटकरी डाग पडत असतील, तर दूध कमी पडत असण्याचा संभव आहे.

दुसरा साक्षीदार वजनकाटा. जन्मानंतर वजन थोडे उतरते, ते स्वाभाविक होय. परंतु तीन किलोच्या बाळाचे वजन 300 ग्रॅमने, म्हणजे 10 टक्क्यांनी घटले, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत यावे. आशा सेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येते, तेव्हा तिच्याकडून वजन अवश्य करून घ्यावे. स्तन मऊ लागतात किंवा पंपाने थोडेच दूध निघते, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

रडणाऱ्या बाळाची आपण चिंता करतो आणि दिवसभर झोपणाऱ्याला 'गुणी' म्हणतो. वस्तुतः भय दुसऱ्याचेच अधिक. नवजात बाळाने चोवीस तासांत आठ ते बारा वेळा प्यावे. तीन तास उलटले तर त्याला उठवून पाजावे. जे उठवूनही उठत नाही, ओढत नाही, आठ तास ज्याचा लंगोट कोरडा आहे किंवा ज्याची कावीळ वाढते आहे, त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

दूध खरोखरच कमी पडत असेल, तर बाळाने तोंडात केवळ बोंडी धरली आहे की भोवतालचा काळा भागही, हे जाणकार परिचारिकेकडून प्रथम पाहून घ्यावे. बहुधा दोष तिथेच सापडतो. मध, घुटी, पाणी हा त्यावरील उपाय नव्हे. मध तर वर्षाच्या आतील बाळाला घातकही ठरू शकतो. तपासणीनंतर डॉक्टरांनी काही दिवस वरचे दूध सांगितले, तर ते वाटी-चमच्याने द्यावे व अंगावर पाजणेही चालू ठेवावे. त्यात आईने अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही.