पाण्यावरील बाजार

बाजार म्हटला म्हणजे धुळीची वाट, ठोकलेलीं पालें आणि खांद्याला खांदा लावून चाललेली गर्दी आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु थायलंडांत, म्हणजे पूर्वींच्या सयाम देशांत, दुकान होडींत, गिऱ्हाईक दुसऱ्या होडींत आणि रस्त्याच्या ठिकाणीं पाणी, असेही बाजार भरतात. हा प्रकार कसा उत्पन्न झाला तें पाहूं.

बँकॉकच्या नैर्ऋत्येकडील प्रदेश सपाट व सखल असून तेथें था चीन व मे क्लाँग या नद्या समुद्रास मिळतात. या दोन नद्या जोडणारा कालवा मोंगकुट राजाच्या कारकीर्दींत १८६६ सालीं खणावयास घेतला व १८६८ सालीं तो पुरा झाला. त्याची लांबी सुमारें ३२ किलोमीटर असून 'दमनोन सदुअक' या त्याच्या नांवाचा अर्थ 'सोयीचा प्रवास' असा आहे.

कालव्याच्या कांठीं शेतकरी वसले आणि त्यांनीं ठिकठिकाणीं उपकालवे काढिले. जमीन पाणथळ असल्यामुळें चर खणून निघालेली माती मध्यें रचावयाची व त्या उंच वाफ्यांवर नारळ, पपनस, आंबे यांचीं झाडें लावावयाचीं, अशी तेथील बागाइताची रीत आहे. चरांतून होडी फिरवून झाडांस पाणी शिंपतात. माडाच्या पोयीचा रस आटवून गूळ करितात. मग हा सर्व माल होडीनेंच बाजारास जाई. जो शेताचा पाट, तोच बाजाराचा रस्ता!

या कालव्यांत समुद्राची भरतीओहोटी पोंचते. पाणी ओसरलें म्हणजे लहान कालव्यांत होडी गाळांत रुतते. यास्तव सकाळीं पुरेसें पाणी असेल तोच बाजाराचा दिवस. आणि भरतीची वेळ तर चंद्राच्या आधीन. म्हणून आम्फवा तालुक्यांतील था खा येथील बाजार वारावर न भरतां तिथीवर भरत आला आहे: दोन्ही पक्षांतील द्वितीया, सप्तमी व द्वादशी. आपल्या आठवड्याच्या बाजारास पंचांग लागत नाहीं. तेथें तें लागतें.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सडका झाल्या व माल मोटारींतून जाऊं लागला. मग होडी वल्हवण्याचे श्रम कोण घेणार? कित्येक बाजार मोडले. दमनोन सदुअक येथें आज मुख्यतः प्रवासी लोकांची गर्दी असते. आम्फवा येथील मोडलेला बाजार २००४ सालीं पुन्हां सुरू करण्यांत आला. तो आठवड्याच्या अखेरीस सायंकाळीं भरतो. था खा येथेंही आतां तिथींखेरीज शनिवारीं व रविवारीं बाजार भरतो, कारण पाहुण्यांस सुटी वारानें मिळते, तिथीनें नव्हे.

कोणी म्हणतील, हा आतां बाजार नसून बाजाराचा देखावा आहे. त्यांत कांहीं तथ्य आहे. तथापि होडींत चूल पेटवून शेवयांचा वाडगा कांठावरील गिऱ्हाइकाच्या हातीं देणारी बाई देखावा म्हणून नव्हे, तर पोटासाठींच वल्हें मारीत असते. सडकेनें तिच्या घरची सोय वाढविली, पण तिच्या पूर्वजांचा धंदा नेला. त्याच सडकेनें आलेला पाहुणा तो धंदा अंशतः परत देत आहे. सोयीसाठीं खणलेला कालवा अधिक सोयीच्या सडकेपुढें हरला. आपणही जुनी वाट टाकून नवी धरितों, तेव्हां जुन्या वाटेवर कोणाचें पोट अवलंबून होतें, एवढें तरी विचारून पाहावें.